बोटभर उसवलेलं कापड

बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षभराने सोलापुरात एक जपानी पाहुणे आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून विणकर सोसायटीच्या चेअरमननी मला दुभाषा केलं. दोन हार आणि तीन भाषणं झाल्यावर पाहुण्यांनी त्यांच्याकडचा चहाचा विधी करून दाखवला. हिरवी पूड, चिनीमातीचा वाडगा, आणि पुडीच्या डबीला पट्ट्यांच्या जुन्या कापडाची पिशवी. ते कापड कित्येक पिढ्यांपूर्वी जहाजातून हिंदुस्थानातून तिकडे गेलेलं. विरलं तरी त्याचे तुकडे तिकडे जपतात. तासाभराने घोटभर कडू चहा मिळाला.

"दूध नाही, साखर नाही, आणि एवढा वेळ?" चेअरमन माझ्या कानाशी पुटपुटले.

पाहुण्यांना तसंच कापड हातमागावर विणून हवं होतं. सोसायटीत खड्ड्यात पाय सोडून बसायचा जुना माग एकच उरला होता, साठी उलटलेल्या एका तेलुगू विणकराचा. सगळे त्यांना मामा म्हणत. शेडमध्ये पॉवरलूम बसवायचे ठरले होते. ऑर्डर आली तर माग राहणार, नाहीतर महिनाअखेर निघणार. आणि पॉवरलूमवर मामांच्या वयाच्या माणसाला कोणी उभं करत नव्हतं.

पाहुण्यांनी त्या जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा दोन दिवसांसाठी माझ्याकडे दिला. दोन्ही हातांनी, वाकून. सूचनाही बऱ्याच दिल्या : कागदावरून उचलायचा नाही, बोट लावायचं नाही, नुसता बघायचा. मला तो सोवळ्याचाच प्रकार वाटला. विणकराला कापड कसं हाताळायचं हे आपण काय शिकवायचं? मी मामांना एवढंच म्हणालो, "जपून बघा."

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मामांनी कागद उघडला. तुकड्याची एक कड बोटभर उसवलेली होती. सुटलेले धागे शेजारी मांडलेले, उभे वेगळे, आडवे वेगळे. एक जाळूनही पाहिला होता. नमुना समजून घ्यायची आमच्याकडची रीतच ती.

"सूत कळलं मास्तर, पीळ कळला," मामा खुशीत होते. "काळ्या पट्टीत दोन तारा जास्त हाईत. विणतो की मी."

पाहुण्यांनी एकेक धागा चिमटीत उचलून कागदात ठेवला. त्याला बराच वेळ लागला. मग ते उठले, वाकले आणि गेले. ऑर्डर आली नाही.

"इतक्या पिढ्या टिकलेलं, दोन दिवसांत वाट लावलीस की रे!" चेअरमन मामांवर ओरडले. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसत राहिलो.

आठवड्याने मामांना गाठून, पाहुण्यांच्या सूचना मीच गाळल्या होत्या, हे सांगितलं. 'सांगितलं असतं तरी उसवलंच असतं,' असं ते म्हणतील, अशी माझी आशा होती.

मामांनी थोडा विचार केला. "सांगितलं असतं तर भिंगानं मोजलं असतं की, मास्तर. हाय घरात भिंग."

महिनाअखेर माग निघाला. पॉवरलूमसाठी जमीन सपाट करायची होती. खड्डा बुजवायला रोजंदारीवर मामांनाच लावलं.