गोपीनाथच्या गाडीचा लोखंडी आस

कोपरीच्या गोपीनाथला लोखंडाचं वेड होतं. आता मिठागरात राबणाऱ्या माणसाला हे वेड कुठून लागावं? तिथल्या खाऱ्या वाऱ्यात खिळासुद्धा दोन पावसाळे धड टिकत नाही. पण घराशेजारून आगगाडी धावायला लागून तीसेक वर्षं झाली होती आणि हा बाबा तिच्याच धडधडीत लहानाचा मोठा झालेला. तिची चाकं बघितली की आपली बैलगाडी त्याला कुरकुरणारी म्हातारी वाटायची.

गाडी तशी नामी होती. आजोबांनी सागाची करवून घेतलेली, आणि मानाची. माघात मिठागरातून पहिलं मीठ निघालं की ते गावदेवीला न्यायचा मान ह्याच गाडीचा. अटी दोनच. सूर्य डोक्यावर यायच्या आत मीठ देवळाच्या पायरीवर पडलं पाहिजे, आणि वाटेत ते भुईला टेकता कामा नये. मागून शेजारच्या काळुरामची रिकामी गाडी चालायची. मानाची गाडी अडली, तर पाट्यांनी मीठ त्या गाडीत भरायचं, आणि मिठाबरोबर मानही कायमचा त्या घरी जायचा. काळुरामचा बाप ह्याच आशेवर रिकामी गाडी हाकत म्हातारा झाला आणि गेला.

त्या वर्षी पहिल्या मिठाला चार दिवस उरले असताना गोपीनाथच्या गाडीचा लाकडी आस तडकला. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. हा पठ्ठ्या मनातून खूश झाला.

कल्याणच्या दगडू लोहाराकडे कुणा साहेबाची मोडकी बग्गी पडून होती. तिचा लोखंडी आस गोपीनाथनं कधीचा हेरून ठेवलेला. तो आस, त्याच्या दोन टोकांचे नट आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात ठोकायच्या लोखंडी नळ्या घेऊन तो निघाला, तेव्हा दगडूनं आसाच्या एका टोकावर छिन्नीनं खूण केली.

"नीट ऐक," दगडू म्हणाला. "ह्या दोन नटांचे आटे एकमेकांच्या उलट आहेत. खुणेचं टोक गाडीच्या उजव्या अंगाला घाल. मग गाडी पुढं चालली की नट आपोआप आवळत जातात. उलटं घातलंस तर सैल पडतील."

"खूण उजवीकडं. एवढं तर आमच्या बैलाला पण समजंल," गोपीनाथ म्हणाला.

पहिल्या मिठाच्या आदल्या दिवशी अंगणात नुसती धमाल. गोपीनाथनं चार माणसं बोलावून गाडी आडवी केली, मग पालथी घातली. जुना आस काढला, तुंबे कोरून नळ्या ठोकल्या, नवा आस दोरानं आवळून पट्ट्या मारल्या. खुणेचं टोक त्यानं अगदी आठवणीनं उजव्या हाताला घातलं. सगुणा, त्याची बायको, मधेमधे येऊन बघत होती. गाडी सुलटी करून त्यानं एका अंगाला टेकू दिला आणि अधांतरी चाकाला एक टिचकी मारली, तर चाक गरगरा फिरत राहिलं, थांबेचना. गोपीनाथ त्याच्यासमोर उकिडवा बसून हसत होता.

"आवो, जेवाल का त्या चाकालाच घास भरवाल?" सगुणा म्हणाली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पण त्याच्या आलं नाही. पालथ्या गाडीची उजवी बाजू म्हणजे सुलट्या गाडीची डावी. शहाण्यानं खूण बरोब्बर उलट्या बाजूला घातली होती.

सकाळी मीठ भरलं आणि गाडी निघाली. काय पळत होती! बैलांना जोर लावावाच लागेना. कोपरीची माणसं वाटेत उभी राहून बघत होती, गोपीनाथची छाती फुगून दुप्पट झाली होती. अर्धी वाट सरली आणि उजवं चाक डुलायला लागलं. खाली उतरून बघतो तो नट पार टोकाला आलेला. डावीकडं तेच. त्यानं पान्यानं दोन्ही आवळले. वीस पावलं गेला, पुन्हा सैल. पुन्हा आवळले, पुन्हा सैल. मग त्याला पालथी गाडी आठवली आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

आस फिरवायचा तर गाडी रिकामी करायला हवी, आणि मीठ तर भुईला टेकवता येत नाही. सूर्य भराभर वर चढत होता. मागून काळुराम आला, गाडीवरून उतरला आणि पाट्या काढायला लागला. "गोप्या, वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. आजोबा, बाप, सगळ्यांचा मान आपल्या हौसेपायी चालला, ह्या विचारानं गोपीनाथला तिथंच रडू येईलसं झालं.

तेवढ्यात रुळावर आगगाडीनं शिट्टी फुंकली. बैल बिचकले आणि गाडी चार पावलं मागं रेटली गेली. गोपीनाथचा हात नटावरच होता. नट त्याच्या बोटांखाली आपोआप आवळला.

"काळू, पाट्या ठेव," तो ओरडला. "बैल सोडा. गाडी फिरवा, मागचं तोंड देवळाकडं करा. उलटी न्यायची."

माणसं बघतच राहिली. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि काय झुंबड उडाली म्हणता! जुवाला धरून रेटायला चार खांदे हवे होते, तिघेच धावले. काळुराम क्षणभर पाटी हातात घेऊन उभा होता. मग त्यानं ती आपल्या गाडीत फेकली. "पहिलं मीठ अर्ध्या वाटेत अडलं तर गावाचंच वाईट," असं पुटपुटत त्यानं जुवाला खांदा लावला. गाडी उलटी धावत सुटली. गाडीमागून चालत आलेली सगुणा पदर खोचून पुढं वाट मोकळी करत होती, आणि नट आवळलेलेच.

सूर्य माथ्यावर यायला थोडा अवकाश होता, तेव्हा गाडी देवळाशी पोचली. मागचं तोंड थेट पायरीला भिडलेलं. फळी काढली आणि सगळं मीठ घळाघळा देवीपुढं ओतलं गेलं, एक खडाही भुईवर नाही. गावातली सगळ्यात म्हातारी आवडाबाई हात जोडून म्हणाली, "असं ओंजळीनं वाहिल्यासारखं कवा झालं नव्हतं." मान गोपीनाथच्या घरी राहिला. काळुरामनं त्याला पाठीत एक गुद्दा घातला, प्रेमाचाच.

दुसऱ्याच दिवशी गोपीनाथनं आस नीट फिरवून घेतला. वर्षभर गाडी अशी चालली की कल्याणहून लोक बघायला यायचे.

पुढच्या माघात, मिठाच्या आदल्या दिवशी, तो वंगण घालत बसला असताना आवडाबाई काठी टेकत आली.

"उद्या गाडी उलटीच आण रं," ती म्हणाली. "देवीला आवडलंय. गावानं ठरवलंय. सरळ आणायची तर मान काळुरामला देऊ."

गोपीनाथनं तिला आटे, नट, उजवं-डावं सगळं समजावलं. आस आता नीट बसलाय, उलटी नेली तर चाकं निघतील, हे चारदा सांगितलं. आवडाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग नीट नको बसवू."

ती गेल्यावर गोपीनाथनं वंगणाचं भांडं बाजूला सारलं. मग उठून त्यानं चार माणसं बोलावली, गाडी पालथी घातली आणि खुणेचं टोक मुद्दाम चुकीच्या अंगाला घातलं.