नऊचे पाच

काकूच्या दुधात पाणी आहे, असं माझ्या ॲपनं डेअरीत सगळ्यांसमोर सांगितलं. चुलत काकू, आमच्याच गल्लीतली. तिच्या दुधाबद्दल कळसाडी गावात आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

ॲप लावायला कंपनीनं मला माझ्याच गावी धाडलं होतं. दूध तपासायच्या मशीनमधला आकडा थेट फोनवर यायला हवा, मध्ये माणसाचा हात नको, एवढंच काम. पण मशीनवाल्यांची लायब्ररी, म्हणजे त्यांचा तयार कोड, फक्त जाव्हातली, आणि आमचं ॲप एकाच कोडवर दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारं. दोन्हींना जोडणारं बाइंडिंग कुणी लिहिलेलंच नव्हतं. मशीनवाले म्हणाले, तुम्हीच लिहा. लिहायला बसलो. एक एरर मिटवली की दोन उगवायच्या. अर्धी फंक्शन्स माझ्या बाजूला दिसायचीच नाहीत, आणि जी दिसायची ती वापरली की ॲप बंद पडायचं. नवव्या दिवशी मी पलंगावर पडून रडलो, खोटं कशाला सांगू. दूध संघाचे साहेब पाहणीला यायला चार दिवस उरले होते आणि ॲप चाललं नाही तर नोकरी जाणार होती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाइंडिंगचा नाद सोडून मी मशीनच्या लाल आकड्यांवर बुटांचं रिकामं खोकं बसवलं, त्याला भोक पाडून फोन लावला. आता कॅमेरा आकडा वाचणार. उजेड जाऊ नये म्हणून फटींवर चिकटपट्टी मारली. त्यामुळे मशीनचा आकडा कुणालाच दिसेना. फोन म्हणेल ते खरं.

दुसऱ्याच दिवशी काकूच्या दुधाला घट्टपणाचा आकडा आला पाच. म्हशीच्या दुधाला तो नऊच्या आसपास लागतो. डेअरीच्या सचिवानं दूध परत केलं. मागची एक बाई हसली. काकू पदर सावरून गेली.

आडोशाला जाऊन मी कॅमेऱ्यानं टिपलेला फोटो पाहिला. नऊच होता. आकड्याची उजवीकडची एक रेघ मंद झाली होती, म्हणून फोननं पाच वाचला. तेव्हाच परत जाऊन सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, साहेब एकदा येऊन जाऊ देत, मग सांगू. काकू त्यानंतर डेअरीत फिरकली नाही. आई म्हणाली, ती गल्लीत कुणाशी बोलतसुद्धा नाही. तरी माझं तोंड उघडेना. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

पाहणीच्या सकाळी साहेब खुर्चीत टेकले आणि काकू म्हैस अन् रेडकू घेऊन डेअरीच्या दारात आली. तिनं कासेला रेडकू लावलं, सगळ्यांदेखत धार काढली आणि बरणी माझ्यापुढे धरली.

"हाई मन्ही म्हैस शे, हाऊ तुन्हा फोन शे. आते सांग, पानी कोठेन उनं?"

मी खोकं ओढून काढलं आणि दूध मशीनला लावलं. नऊ. साहेबांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांची नजर कळली, पण त्या घडीला नोकरीचं काही वाटलं नाही.

"काकू, फोन चुकना," मी म्हणालो.

"फोनले काय समजस," ती म्हणाली. "तुले ते समजनं व्हतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं ते दूध डेअरीत घातलं नाही. बरणी कडेवर घेऊन ती म्हशीमागून घरी गेली.