ताशाची चोरी आणि पहिला अल्बम

त्या कॅसेटमधला आवाज अजून माझ्या कानात आहे. कापसाच्या मंदीची ती वर्षं. मी पांढरकवड्याला ठाणेदार होतो. एका बँडपार्टीचे मास्तर तक्रार घेऊन आले. ऐन लग्नसराईत त्यांचा ताशा चोरीला गेला होता. संशय कोणावर, विचारलं तर गप्प. घरच्याच माणसावर संशय असला की फिर्यादी असाच गप्प होतो. मी अर्ज ठेवून घेतला, गुन्हा मात्र दाखल केला नाही.

दुसऱ्या दिवशी पानठेलेवाल्याने खबर दिली, "साहेब, त्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यातून भरदुपारी धूर निघून राह्यला."

आधी वाटलं, सरकीला आग लागली. मग एकदम डोक्यात आलं, ताशाचं चामडं वाजवण्याआधी शेकावं लागतं! हवालदाराला घेऊन तडक निघालो.

आत तीन पोरं, गिटार, जुना टेपरेकॉर्डर, पेटवलेले कागद आणि ताशा. गाणारा मास्तरांचाच मुलगा.

"काय चाललंय रे?"

"पंक रॉक, साहेब. आमचा पहिला अल्बम रेकॉर्ड करून राह्यलो."

तो प्रकार मला तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही. नुसती बोंबाबोंब!

ठाण्यात आणून चौकशी केली. "बापाचाच ताशा काहून चोरला?"

"मागतला असता तर देल्ला नसता. वरातीत वाजवत नाही म्हटलं, तवापासून अब्बा माह्याशी बोलत नाही." मग हात जोडून म्हणाला, "मले आत टाका साहेब, पण कॅसेट जप्त करू नका. एकच हाय."

मास्तरांना बोलावलं. त्यांनी ताशा ओळखला. कॅसेटमध्ये काय आहे ते पाहावं म्हणून मी ती लावली. पोरगा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, 'अब्बा, लोकायच्या वराती गाजवता, माह्याशी काहून बोलत नाही?'

मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले.

"गुन्हा दाखल करू?" मी विचारलं.

"नको साहेब. एवढं होतं याच्या मनात, अन् मले पत्ताच नाही!" त्यांना हुंदका आवरेना. पोराने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

घरातल्या चोरीत लेखणी उचलण्याची घाई करू नये, आधी दोघांना समोरासमोर बसवावं, हे मी तिथे शिकलो. निवृत्त होईपर्यंत तसंच वागलो.

अर्ज मागे घेऊन मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "साहेब, ते गाणं पुन्हा लावता का?"

बाहेर दोन फिर्यादी ताटकळले होते. मास्तरांना बसा म्हटलं, आणि कॅसेट मागे फिरवली.