ओली प्लेट

आणीबाणी उठली त्या सुमारास मला खोकला लागला आणि सासूबाईंनी परस्पर निदान करून टाकलं: सुनेला क्षय. सेलूजवळचं आमचं घर म्हणजे भाजीचा मळा आणि त्यात राबणारी माणसं. छातीला डाग निघाला तर मला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं होतं. म्हणून नवऱ्यानं सायकलवर डबलसीट बसवून सेवाग्रामला नेलं. एक्स-रे काढला, त्याला आम्ही सगळे प्लेटच म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. प्लेट अजून ओली होती, म्हणून पाकिटात न घालता हातातच वाळवत न्यायला सांगितलं.

परतताना हे इतके खूश, की सायकल नुसती पळवत सुटले. मी मागे कॅरिअरवर, प्लेटची पुढची कड दोन्ही हातांनी धरलेली. हळू होतो तोवर ती वाऱ्यात नुसती लवत होती. वेग वाढला तशी थरथरायला लागली, मग चक्क फडफडायला. वारा एकसारखाच लागत होता, पण ती काही केल्या ठरेना.

"हळू चालवा न, मोडन ते!"

"घट्ट धर वं, काई होत नाई!"

घाबरून मी ती फिरवली. धरलेली कड मागे, मोकळी कड वाऱ्याच्या तोंडी. वाटलं, आता दबून राहील. कसलं काय! एका झटक्यात ती वाकून माझ्या हातांवर दुमडली. उलगडून पाहिली तर छातीच्या मधोमध पांढरी रेघ. यांनी सायकल थांबवून ती बघितली आणि म्हणाले, "मी सांगतो न मायले."

सासूबाईंनी प्लेट उन्हासमोर धरली.

"डाक्टर काईबी म्हनो, हे रेघ मले दिसून राह्यली."

मी यांच्याकडे पाहिलं. हे चपलेची माती खरवडत बसले. मीच सांगितलं, पण सुनेचं कोण ऐकतं!

माहेरी धाडलं नाही, एवढंच. ताट-पेला वेगळा झाला. खोकला महिनाभरात गेला, पेला वेगळाच राहिला. पुढे मुलगा झाला, त्यालाही मी नुसतं दूध पाजायचं आणि सासूबाईंच्या हाती द्यायचं. त्यांच्याच कुशीत तो वाढला. त्यांना माय म्हणायचा आणि मला, दिरांचं ऐकून, वहिनी. याचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मुलगा पाचवीत होता. एका संध्याकाळी हे अचानक म्हणाले, "म्या तवा बोलाले पायजे होतं वं."

"हो," मी म्हणाले. रागही आला, रडूही आलं.

तेवढ्यात मुलगा शाळेतून आला. दप्तर टाकत म्हणाला, "वहिनी, भूक लागली."