मिटायला एकच डोळा

मी आमचं कोन गाव सोडलं ते १९८६च्या मार्गशीर्षात. सकाळचे आठ वाजले असतील. कल्याण-भिवंडी रस्त्यावर टॅक्सी उभी होती आणि तिच्या टपावर माझी बॅग बांधण्यात अर्धं गाव गुंतलं होतं. आई मोठ्याने रडत होती, काकू आणि शेजारणी तिला साथ देत होत्या. बॅगेत आईने सुकट आणि बोंबील कोंबले होते, तीन कागदांत गुंडाळून. तरी मस्कतच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा त्यांच्या वासाने माझी ओळख करून दिलीच.

बाबा मात्र टॅक्सीपुढे हात मागे बांधून उभे. चेहरा असा, की मी भिवंडीच्या बाजारात जाऊन तासाभरात परत येणार आहे. पाया पडले तर म्हणाले, "नीट जा पोरी. दुखनं आपलं असतं, पन आपन दुखनं न्हाय. येवढं ध्यानात ठेव." मला संताप आला. लेक नवऱ्यामागे समुद्रापलीकडे चालली आहे आणि याही वेळी यांचं तत्त्वज्ञान सुटत नाही! टॅक्सी निघाली तेव्हा मी मागे वळून आईकडेच बघितलं.

तुमच्यातले जे कोनलाच राहिले त्यांना बाबा ठाऊक आहेत. पण माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठी सांगते. बाबा नारपोलीच्या एका कारखान्यात जॉबर होते. कापड विणायची लूम बिघडली की ती दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. मी शाळेत होते तेव्हा एका चालत्या लूममधून धोटा उडाला. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं टोकदार लाकूड. तो बाबांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला आणि ठणका मागे राहिला, पुढची कितीतरी वर्षं. गावात शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी देवळात सकाळी योग शिकवत. बाबा औषध म्हणून तिथे गेले आणि तिथलेच झाले. गुरुजी सांगायचे की बघणारा वेगळा आणि जे दिसतं ते वेगळं, दुखणंसुद्धा दिसणाऱ्यातच धरायचं. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी ते आपल्या बोलीत उतरवून घेतलं. वर सगळ्यांना चिडवायचे, "तुमाला ध्यानाला दोन डोले मिटायला लागतात, माजं एकाच डोल्यात काम व्हतं!"

माझ्या लहानपणाच्या सकाळी अजून अर्धवट झोपेतल्याच वाटतात. ओट्यावर बाबा मांडी घालून बसलेले, खाडीकडून आलेलं धुकं पायरीपर्यंत चढलेलं, चुलीचा धूर त्यात मिसळून धुकं कुठलं आणि धूर कुठला ते कळत नाही. कधी त्यांचा जबडा घट्ट व्हायचा. ठणका आला असणार. मग श्वास हळूहळू लांबायचा आणि जबडा सैल पडायचा. मी गोधडीतून बघत राहायचे. वाटायचं, बाबांना काही दुखतच नाही आता. आमच्या घरात सगळ्यांनाच तसं वाटायचं.

मस्कतला दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. नवरा ड्युटीवर, बाहेर पांढरं ऊन, आत एसीची घरघर. त्या घरघरीत मला लांबून नारपोलीच्या लूम चालल्यासारखं ऐकू यायचं आणि मी तशीच पडून राहायचे, कोन आणि मस्कत यांच्यामध्ये कुठेतरी. सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी हातून घरची कॅसेट यायची. आई रडत बोलायची, बाबा ओरडत. लूमपाशी जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलणं ठाऊक नसतं.

अठ्ठ्याऐंशी साली माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, रडू नको, वय आहे अजून. नवराही तेच म्हणायचा, बिचारा, त्याला दुसरं काय सुचणार? मी बाबांसारखी मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे तीच दिसायची. वाटलं, आपल्याला हेही जमत नाही. मग मी कुणासमोर रडेनाशी झाले. जेवेनाशीही झाले. एक दिवस रागाने बाबांना पत्र लिहिलं, "तुमच्यासारखं दगड होणं मला जमत नाही. मी निघाले तेव्हा तुमच्या डोळ्यात टिपूस नव्हतं."

दीड महिन्याने कॅसेट आली. आईचा आवाज नव्हताच. बाबा होते, पण इतके हळू बोलत होते की मला टेपरेकॉर्डरला कान लावावा लागला.

"मी दगड न्हाय गो. तू गेलीस त्या दिवशी मी ड्युटीवर गेलो. सगल्या लूम चालू. तिथं मानूस बोंबलला तरी कुनाला ऐकू येत न्हाय. मंग मी बोंबललो. शिफ्ट सुटेपरेंत रडलो. गुरुजींनी स्थिर बसायला शिकवलं, मना वाटलं स्थिर म्हंजे कोरडं. मीच चुकीचं समजलो आन् तुला पन तसंच दावलं. रडू आलं तर येऊ दे. फक्त उठून पलू नको."

त्यापुढे नुसता त्यांचा श्वास होता. त्या दुपारी मी कॅसेटशेजारी बसून रडले, पोटभर, आणि संध्याकाळी भात टाकला.

त्या कॅसेटला आज दहा वर्षं झाली. मला पुढे मुलगा झाला, तो मस्कतलाच आपलं घर म्हणतो. काल्हेरकडच्या शेतांत आता गोदामं उभी आहेत. कोनला उतरले की माझ्याच घराची वाट दोनदा विचारावी लागते. आणि घर म्हटलं की आता मला गाव आठवत नाही, एकच सकाळ आठवते, एकोणनव्वदची, पहिल्या सुट्टीतली.

मी बाबांशेजारी ओट्यावर बसले होते. बसल्या बसल्या मला हुंदका फुटला. आई आतून धावत आली, "नको गो रडू, बाय." बाबांनी डोळा न उघडता हात वर केला आणि आई दारातच थांबली. मी रडत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही. मग पाहिलं तर बाबांच्याही गालावरून पाणी वाहत होतं. उजव्या डोळ्यातून, आणि डावीकडच्या रिकाम्या खोबणीतूनही. तिथूनही पाणी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानपणापासून त्यांना बघत आले होते, पण कधी विचारलं नव्हतं, ते मी तेव्हा विचारलं.

"बाबा, दुखतं?"

"दुखतं," बाबा म्हणाले, आणि मांडी न मोडता थोडे सरकले, मला जागा करून द्यायला.