खळ्यावरचा वाटा

माझे दोन्ही भाऊ हैदराबादेत अर्थशास्त्र शिकले, तेही उर्दूतून. सुट्टीत घरी आले की जेवताना मुनाफ्यावरून भांडण ठरलेलं. थोरला म्हणायचा, वस्तूला किंमत येते ती घेणाऱ्याच्या गरजेतून. मालक पैसा घालतो, जोखीम घेतो, मुनाफा हा त्याचा मोबदला. धाकटा ताट सरकवून म्हणायचा, किंमत येते ती कारागिराच्या मेहनतीतून, आणि मुनाफा म्हणजे त्याला न दिलेली मजुरी. मी चुलीपुढं भाकरी थापत ऐकायचे. दोघांचीही डोकी फिरली आहेत असं मला वाटायचं, पण भाकरी मात्र दोघांना गरमच वाढायचे.

आबा, म्हणजे आमचे वडील, गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यात सुतार होते. वर्षभर शेतकऱ्यांची औतं दुरुस्त करायची, कामाला पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्वारी निघाली की प्रत्येकाच्या खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा आणायचा. त्या बलुत्यावरच आम्ही वाढलो. भावांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, ते यावर. ही वेठ आहे, म्हणाले. थोरल्यानं हिंगोलीत बैलगाड्यांच्या कारखान्यात शब्द टाकला. मालक लुटणारच, पण निदान रोख मजुरी मिळेल, असं धाकटा म्हणाला. आबांना कुणी विचारलं नाही. ते हिंगोलीला निघाले तेव्हा मी त्यांची लाकूड तासायची वाकस फडक्यात बांधून दिली.

दसऱ्याच्या आधी आमच्या गावचा एक शेतकरी मोडकी तिफण घेऊन त्या कारखान्यात गेला. पेरणी तोंडावर आलेली. आबांनी कारखान्याचं लाकूड वापरून ती उभी करून दिली आणि पैसे मागितलेच नाहीत. मालकानं जाब विचारला तर म्हणाले, "आपल्याच गावचा हाय. खळ्यावर दील की." मालकानं त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं.

ते गावी परतले तोवर गावानं सेनगावकडचा दुसरा सुतार आणून बसवला होता.

ज्वारी निघाली तेव्हा आबा टोपलं घेऊन त्या तिफणवाल्याच्या खळ्यावर गेले. मीही सोबत होते. तो नव्या सुताराच्या पोत्यात वाटा ओतत होता. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली.

"आबा, तुमी गाव सोडलं. आता वाटा ह्या नव्या सुताराचा. म्या काय करू?"

आबांनी विचारलं, "तिफण बराबर चालली का?"

"चालली."

समोरची सगळी रास त्याच तिफणीनं पेरलेली होती. मला राग यायला हवा होता, रडू तरी यायला हवं होतं. काहीच आलं नाही. रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन मी त्यांच्या मागून चालत घरी आले.

शिमग्याला भाऊ आले आणि भांडण पुन्हा पेटलं. एका सुताराच्या कामाला दोन सुतार झाले, मग मोल उतरणारच, असं थोरला म्हणाला. धाकट्याच्या मते सगळा दोष मालकाचा होता. आबा बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

"पुढल्या साली मला वाटा देतील का रं?" त्यांनी विचारलं.

मी आबांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या साली पहिल्यांदाच घरात बाजारातून आणलेली ज्वारी होती.