सांतानबाय माफी मागायला येते

सांतानबाय माफी मागायला आली की आई आम्हा मुलांना आत घ्यायची. तिची माफी तिच्या भांडणापेक्षा मोठ्या आवाजात असे.

धारगळला हमरस्त्यापासून जरा आत आमचं घर, शेजारी तिचं, आणि दोन्हींच्या मध्ये तिचा पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. दर मे महिन्यात तिथे लादाईन व्हायची. खुरसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, एक व्हायोलिनवाला, प्रार्थनेची गाणी आणि शेवटी अख्ख्या वाड्याला उकडलेले चणे. वाड्यात ख्रिस्तांव घर तिचं एकच, त्यामुळे गाणी ती म्हणायची आणि ‘आमेन’ आम्ही हिंदू. पण ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी समेट केल्याशिवाय देवापुढे उभं राहायचं नाही, अशी तिच्या आईची शिकवण. आणि सांतानबायचं भांडण तर घरटी एक. म्हणून त्या दिवशी दुपारपासून ती दारोदार फिरे.

“तुका म्हस म्हटलें तें चुकलें म्हजें,” ती पलीकडच्या लक्ष्मीवहिनींना सांगायची. “पूण चलता तूं म्हशीसारकीच.”

झालं, नवं भांडण. मग त्याची वेगळी माफी.

मी एकदा विचारलं, “बाय, ज्यांचं तोंड बघवत नाही त्यांच्यावर प्रेम कसलं करतेस?”

“देवान मोग करूंक सांगला रे,” ती म्हणाली. “आवडूंक जाय म्हूण सांगूंक ना.”

मोग म्हणजे प्रेम, मग माणूस आवडो न आवडो, आणि तिचा मोग असाच होता. लक्ष्मीवहिनी टायफॉइडने आडव्या पडल्या तेव्हा रोजची पेज हिच्याच घरून जायची, वर चार शिव्याही. वहिनी सांगतात, शिव्यांनीच तोंडाला चव आली.

सगळ्यांत चिवट भांडण माझ्या बाबांशी. तिच्या कोंबड्या आमच्या वईतून, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणातून, घुसून मिरचीचा वाफा उकरायच्या. एका वर्षी बाबा हट्टालाच पेटले. खुरसापाशी माणसं जमलेली, व्हायोलिनवाला तारा पिळून कंटाळलेला, चणे गार, आणि सांतानबाय आमच्या पायरीवर फतकल मारून.

“कोंबड्या बांधून ठेव, मग माफ करतो,” बाबा म्हणाले.

“अट घालून दितात तो सौदो, वामन. माफी न्हय.”

“मग राहू दे.”

आणि सांतानबाय रडायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तिची लादाईन खरंच अडली होती. बाबांची पार गाळण उडाली. “केलं, बाई, माफ केलं. ऊठ आता.”

ती पदराने नाक पुसत उठली. चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, “आनी तुजी वंय मोडकी आसा, ती बांद. कोंबड्यांक कित्याक गाळी दिता?”

यंदा एप्रिलमध्ये ती गेली. आदल्याच दिवशी कोंबड्यांवरून तिचं आणि बाबांचं कडाडून वाजलं होतं. “लादाईनीदिसा माफी मागतां. तोंवर ना,” असं बजावून तिने दार आपटलं होतं.

मे महिन्यात तिच्या मुलाने, रोकने, लादाईन ठेवली. बाबा दुपारपासून धुतलेला सदरा घालून पायरीवर बसले. आईने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. ते नुसते फाटकाकडे बघत होते. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी रोक बोलवायला आला. “सुरू करूया, काका?”

“थांब. अजून झालं नाही.”

बाबा उठले आणि सगळ्या माणसांमधून वाट काढत खुरसापाशी जाऊन उभे राहिले. व्हायोलिनवाल्याने हात आवरला.

“सांतानबाय, माफ केलं,” ते म्हणाले. “अट नाही.” मग घसा खाकरून, जरा हळू आवाजात, “आता तू मला कर. वई मोडकीच होती.”